शंभर शब्दांत परकी भूमी: शतशब्दकथा स्पर्धेच्या निमित्ताने चर्चा

आडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

एका दिवाळी अंकाने यंदा शतशब्दकथांची स्पर्धा जाहीर केली असून ‘या जगातली न वाटणारी जागा’ हा विषय दिला आहे. नियम थोडके आहेत. शीर्षक सोडून बरोबर शंभर शब्द असावेत, कथा पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी, कथेच्या प्रतीवर लेखकाचे नाव नसावे, आणि जागा खरी असो वा कल्पित, ती कथेची पार्श्वभूमी म्हणून नव्हे तर कथेचे कारण म्हणून आली पाहिजे. ही शेवटची अट वाचायला सोपी आणि पाळायला फार कठीण आहे. जागा अपरिचित म्हटली की तिचे वर्णन आले. वर्णनात चाळीस-पन्नास शब्द सहज खर्ची पडतात. उरलेल्या शब्दांत माणसे आणायची, त्यांच्यात काही घडवायचे आणि ते संपवायचे, म्हणजे कथेला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. उलट वर्णन टाळले, तर हीच कथा पुण्यातल्या एखाद्या सदनिकेत घडली असती तरी काही बिघडले नसते, अशी तिची अवस्था होते.

माझ्या मनात लोणार आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, तळाशी खारे पाणी, पाण्याभोवती झाडी आणि झाडीत जुनी देवळे, एवढे साहित्य जागेनेच पुरवले आहे. मला दोन गोष्टींवर मते हवी आहेत. खरी जागा घेणे शहाणपणाचे की कल्पित? आणि वर्णनाचा हा पेच इथल्या अनुभवी मंडळींनी कसा सोडवला आहे? नुसत्या शुभेच्छा देणारे प्रतिसाद कृपया टाळावेत. त्यांनी धागा वर येतो, पण कथा पुढे सरकत नाही.

काठावरचा

माझे आजोळ मेहकरकडचे असल्यामुळे लोणारला लहानपणापासून जाणे-येणे आहे. आपण लोणार अवश्य घ्यावे, पण गुलाबी पाणी घेऊ नये. जून २०२० मध्ये सरोवराचा रंग बदलला, त्याची छायाचित्रे घरोघरी पोहोचली, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. त्यानंतर लोणारवर जे काही ललित लेखन वाचतो, त्यात पाणी गुलाबी होतेच आणि त्याचा संबंध दैत्यसूदनाने, म्हणजे विष्णूने, मारलेल्या लवणासुराच्या रक्ताशी जोडला जातोच. परीक्षकांच्या हाती अशा कथांचा ढीग असणार आणि आपली कथा त्या ढिगात एक होणार.

त्यापेक्षा कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर पाहा. एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, अशी तिची ख्याती आहे, आणि सरोवराची पातळी वाढली की ती विहीरच पाण्याखाली जाते. ज्या सरोवराच्या पाण्याचा सामू (pH) दहाच्या आसपास आहे, त्याच्या ऐन काठाशी गोड पाणी मिळावे ही गोष्ट मुळातच या जगातली वाटत नाही. शिवाय विहिरीच्या नावातच दोन माणसे आणि त्यांच्यातला ताण बसलेला आहे, म्हणजे पात्रपरिचयाचे शब्द वाचले.

शब्दमोजणी

मी कथेविषयी काही सांगणार नाही. मला मोजणीविषयी सांगायचे आहे, कारण चांगल्या कथा याच कारणाने बाद होताना मी पाहिल्या आहेत.

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहायचे असते. ‘डोंगरा पलीकडून’ असे तोडून लिहिले तर ते व्याकरणदृष्ट्याही चूक आणि हिशेबातही तोट्याचे, कारण ‘डोंगरापलीकडून’ हा एकच शब्द आहे. ‘च’ आणि ‘ही’ यांचेही तसेच. विभक्ती, अव्यये आणि सामान्यरूपे यांच्या जोरावर मराठी शंभर शब्दांत इंग्रजी शंभर शब्दांपेक्षा बराच अधिक मजकूर मावतो, ही आपली हक्काची सवलत आहे आणि ती पुरेपूर घ्यावी. मात्र तिचा गैरफायदा घेऊन ‘काळोख्याविहिरीतल्यापाण्यासारखा’ असे डबे जोडले की परीक्षक मनातल्या मनात गुण कापतात.

दुसरी गोष्ट संगणकाची. संगणक दोन मोकळ्या जागांमधला मजकूर एक शब्द धरतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली नुसती आडवी रेघसुद्धा तो शब्द म्हणून मोजतो आणि अशा दोन रेघा आल्या की आपली शंभराची कथा एकशे दोनची होऊन बसते. शेवटची मोजणी कागदावर, पेन्सिलीने, प्रत्येक शब्दाखाली टिंब देत करावी.

लाल शाई

अशा स्पर्धांच्या परीक्षणाचे काम मी काही वर्षे केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

विलक्षण जागांवरच्या कथा आल्या की त्यांतल्या बऱ्याचशा एकमेकींच्या बहिणी असतात. निवेदक कुठेतरी जागा होतो, त्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही, भोवतालचे सारे ‘गूढ’, ‘अनाकलनीय’ आणि ‘भयाण’ असते, आणि शेवटी ते स्वप्न निघते किंवा निवेदक आधीच मेलेला निघतो. यातली विशेषणे वाचून वाचकाला एवढेच कळते की लेखकाला जागा गूढ वाटावी अशी इच्छा आहे. जागा दिसत नाही ती नाहीच.

माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे. ज्याला ती जागा रोजची आहे, अशा माणसाच्या तोंडी कथा द्या. बोलिव्हियातले उयुनीचे मिठाचे मैदान घ्या. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच, दहा हजार चौरस किलोमीटरहून विस्तीर्ण, आणि पावसाचे पातळ पाणी साचले की सगळे आकाश पायाखाली. पर्यटक तिथे उभा राहिला की आरशाची उपमा देणार, आणि ती आजवर असंख्य वेळा देऊन झालेली आहे. पण काठावरच्या कोल्चानी गावातली मीठ खरवडून ढीग रचणारी माणसे चकाकीपासून डोळे वाचवण्यासाठी चेहरा झाकून काम करतात. अशा माणसाची तक्रार काय असेल, त्याच्या मुलीच्या लग्नात कोणती अडचण येईल, पाणी साचले की त्याच्या कामाचे काय होत असेल, याचा विचार केला की वर्णन वेगळे करावे लागत नाही. तक्रारीतूनच जागा उभी राहते आणि आपला चाळीस शब्दांचा खर्च दहावर येतो.

खरी की कल्पित, या प्रश्नाला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. कल्पित जागेलाही तिथला रहिवासी लागतो.

अद्भुतरसिक

लाल शाई यांच्या मताबद्दल आदर राखून माझा विरोध नोंदवतो. हा सल्ला गेली काही वर्षे इतका पसरला आहे की आता विलक्षण जागेतली प्रत्येक कथा एखाद्या कारकुनाच्या तोंडून येते. ‘आमच्याकडे चंद्र मंगळवारी दुरुस्तीला नेतात’ अशा थाटाचे कोरडे निवेदन आता तितकेच साचेबंद झाले आहे, जितके पूर्वी दचकून जागे होणे होते. नाट्यशास्त्रकार भरताने अद्भुत रसाचा स्थायिभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेला भाव, विस्मय सांगितला आहे. पात्रालाच विस्मय नसेल तर तो येणार कुठून? लोणारच्या काठावर पहिल्यांदा उभे राहून खाली पाहणाऱ्या माणसाच्या छातीत जे होते, ते लिहिण्याची हिंमत लेखकाने का करू नये? विशेषणे वाईट असतात हे मान्य. पण विस्मय म्हणजे विशेषणे नव्हेत.

लाल शाई

रस सहृदयाच्या, म्हणजे रसिक वाचकाच्या, ठिकाणी असतो, पात्राच्या ठिकाणी नव्हे, हेही त्याच परंपरेने आपल्याला शिकवले आहे. पात्र थक्क झाले की वाचकाला थक्क होण्याची गरज उरत नाही; त्याच्या वतीने कोणीतरी ते काम केलेले असते. तरीही तुमच्या कारकुनाविषयीच्या तक्रारीत तथ्य आहे. कोरडेपणा ही लकब झाली की तीसुद्धा एक प्रकारची सजावटच होते.

अद्भुतरसिक

सहृदयापर्यंत पोहोचण्यासाठी विभाव-अनुभाव, म्हणजे भावाची कारणे आणि त्याच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा, लागतात आणि रोमांच, स्तंभ, डोळे विस्फारणे हे पात्राच्याच शरीरावर दाखवावे लागते. वाद इथे थांबवतो, नाहीतर धागा नाट्यशास्त्राचा होईल. धागाकर्त्यांनी निदान एक शक्यता ध्यानात ठेवावी: त्या जागेत जन्मलेले, पण तिचा एखादा भाग पहिल्यांदाच पाहणारे मूल.

दुर्बीण

कल्पित जागा निवडणाऱ्यांची एक अडचण अशी असते की ते सगळेच बदलतात. आकाश हिरवे, झाडे बोलकी, माणसांना तीन डोळे. शंभर शब्दांत वाचक एकच बदल पचवू शकतो. म्हणून मी एकच भौतिक नियम निवडण्याच्या बाजूचा आहे, आणि तो नियम शोधण्यासाठी कल्पनेपेक्षा खगोलशास्त्र अधिक उदार आहे.

शनीचा टायटन हा उपग्रह पाहा. तिथे ढग आहेत, पाऊस आहे, नद्यांची पात्रे आणि सरोवरे आहेत, पण वाहतो तो मिथेन. तापमान उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि तिथले पाणी दगडासारखे घट्ट गोठलेले आहे. १४ जानेवारी २००५ रोजी ‘ह्युजेन्स’ यान तिथे उतरले तेव्हा त्याने पाठवलेल्या चित्रात वाहत्या द्रवाने गुळगुळीत केलेल्या गोट्यांसारखे गोलसर बर्फाचे खडे दिसले होते. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्शाइतके आणि हवा दाट, त्यामुळे पावसाचा मोठा थेंब अगदी सावकाश खाली येतो. बाकी सगळे विसरा आणि एवढेच घ्या: जिथे पाऊस सावकाश पडतो ती जागा. थेंब डोक्यावर दिसल्यापासून अंगावर पडेपर्यंत एखादे भांडण पुरे होऊ शकते. त्या भांडणाचे शंभर शब्द लिहा.

पृथ्वीवरचे आणि आपल्याच मुलखातले उदाहरण हवे असेल तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुके असले की तिथे इंद्रवज्र दिसते, म्हणजे संपूर्ण गोलाकार इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यभागी आपली सावली. छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत, पण त्यातली खरी गंमत छायाचित्रात येत नाही. कड्यावर दोघे शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला ते वलय आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही. प्रकाश मागे परतण्याचा कोन पाहणाऱ्याच्या डोळ्याशी बांधलेला असल्यामुळे असे घडते. हे स्पष्टीकरण कथेत आणू नका. वाटणीवरून भांडणारे दोन भाऊ तिथे उभे करा आणि प्रत्येकाला देवाने आपल्यालाच कौल दिला असे वाटू द्या.

जुनी पोथी

दुर्बीण यांचे भाऊ मला फार आवडले. ते कोणीतरी लिहावेतच.

आपल्याकडे थोडक्यात जागा उभी करण्याची परंपरा जुनी आहे आणि ती शिकायला परदेशी जावे लागत नाही. श्रावणातल्या कहाण्या ‘आटपाट नगर होते’ एवढ्या तीन शब्दांत नगर वसवतात. ते कुठे होते, तटबंदी होती की नाही, हे एकही श्रोता विचारत नाही, कारण पुढच्याच वाक्यात तिथे एक गरीब ब्राह्मण राहत असतो आणि त्याला अडचण असते. आणि शेवटी ती कहाणी स्वतःच सांगते की साठा उत्तरांचे पाचा उत्तरांत आणले आहे.

याहूनही उपयोगी नमुना महानुभाव पंथीयांच्या स्थानपोथीचा आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या स्थानांची ती नोंद आहे. भाषा मोजमापाची आहे: दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, वाट कोणत्या बाजूने. भक्ताने आपल्या देवाच्या जागा अशा कोरड्या ठिकाणदर्शक वाक्यांत लिहून ठेवाव्यात, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. अद्भुतरसिक ज्याला कारकुनी म्हणतात ती भाषा तेराव्या-चौदाव्या शतकापासून आपल्याकडे आहे आणि तिच्यामागे विस्मय नाही असे म्हणण्याची माझी छाती होणार नाही. ज्या गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे तिची माणूस नोंद करतो, वर्णन करीत बसत नाही. परकी भूमी नोंदीच्या भाषेत लिहून पाहा.

साळावली

मी गोव्यातली आहे. खऱ्या जागांची यादी होत आहे म्हणून सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावाची भर घालते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. साळावली धरणाच्या जलाशयात ते ऐंशीच्या दशकात बुडाले आणि गावकऱ्यांचे दुसरीकडे पुनर्वसन झाले. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरले की काही आठवड्यांपुरते गाव वर येते: घरांची जोती, वाटा, झाडांचे बुंधे. मूळ गावकरी आणि त्यांची पुढची पिढी तिथे जमते, सोमेश्वराच्या देवळाची साफसफाई होते, उत्सव होतो, आणि पावसाबरोबर गाव पुन्हा खाली जाते. तिथले महादेवाचे प्राचीन देऊळ मात्र बुडण्याआधीच दगड-दगड सुटा करून दुसऱ्या जागी पुन्हा उभारले गेले.

महाराष्ट्रातही उजनी धरणाच्या फुगवट्यात पळसदेवचे देऊळ भीमेचे पाणी आटले की वर येते. पण तिथे दुष्काळाची वाट पाहावी लागते; कुर्डीला वेळापत्रक आहे. शंभर शब्दांच्या कथेला ठरलेला आरंभ आणि ठरलेला शेवट जागेनेच द्यावा, ही काही लहान सोय नव्हे.

आडवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वरच्या चर्चेतून तीन धागे उचलून एक सरावाची कथा लिहिली आहे: लाल शाई यांचा रहिवासी, जुनी पोथी यांची नोंद आणि साळावली यांचे वेळापत्रक असलेले गाव. गाव मुद्दाम निनावी ठेवले आहे. मोडतोड करावी.

*नोंदवही*

धरणाचे पाणी मे महिन्यात उतरले, की मी गावात नोंदी घ्यायला जातो. देवळाच्या पायरीवर पाटील वही उघडून बसलेले असतात. कपडे ओले, अक्षर मात्र कोरडे. आधी चहा होतो. मग त्यांची वही आणि माझी वही आम्ही ताडून पाहतो.

धरण झाले तेव्हा जी माणसे नव्या गावठाणात गेली, त्यांची नावे पाटलांकडे ‘मयत’ या सदरात आहेत. माझ्या आजीचेही आहे. मी कधी हरकत घेतली नाही. सरकारी कागदात चूक राहतेच.

यंदा पाटलांनी ‘जन्म’ हे सदर उघडले. दर वर्षीप्रमाणे पाच-सहा नावे होती. शेवटचे वाचून मी थांबलो.

‘फाल्गुनात झाली,’ पाटील म्हणाले. ‘गोरीपान आहे. बघणार?’

मी आकाशाकडे पाहिले. मृगाला अजून आठ दिवस होते. शाईचे पेन काढून मी त्यांच्या वहीवर सही केली.

शब्दमोजणी

‘पाच-सहा’ हा एक शब्द धरला तर बरोबर शंभर, दोन धरले तर एकशे एक. स्पर्धेसाठी लिहिताना असा संशय ठेवूच नये. ‘चार नावे होती’ लिहा आणि मोकळे व्हा.

भिंगरी

दोनदा वाचली आणि मग कळली, ती पूर्ण कळली असे अजूनही म्हणवत नाही. शेवटचे नाव आजीचे आहे, म्हणजे वर आजी फाल्गुनात वारली आणि खाली तिचा जन्म झाला, असाच अर्थ आहे ना? तसे असेल तर आजी वारल्याचे कथेत कुठेही सांगितलेले नाही. ‘शाईचे पेन काढून’ या तीन शब्दांचे तिथे काही काम नाही; ते काढून ‘आजी फाल्गुनात वारली’ हे तीन शब्द आधी कुठेतरी बसवता येतील. बेरीज तीच राहील.

लाल शाई

भिंगरी यांची शंका रास्त आहे, पण उपाय जड आहे. ‘आजी फाल्गुनात वारली’ आधी आले की ‘फाल्गुनात झाली’ हे वाक्य वाचकाच्या हाती उत्तर म्हणून पडते आणि त्याने जोडायचे काही उरत नाही. माझा उपाय एका शब्दाचा आहे. ‘माझ्या आजीचेही आहे’ याऐवजी ‘माझ्या आजीचेही होते’ करा. बाकीच्यांची नावे ‘आहेत’ आणि आजीचे ‘होते’, एवढ्या फरकावर सावध वाचक अडखळतो आणि पुढे सदर बदलले की त्याला अडखळण्याचे कारण सापडते.

‘अक्षर मात्र कोरडे’ हे चांगले आहे. ‘आधी चहा होतो’ हे त्याहून चांगले आहे, कारण त्यामुळे बुडालेल्या गावातही रीतभात शिल्लक असल्याचे कळते आणि त्याला तीनच शब्द लागले आहेत. शेवटची सही मला पटली. तिने निवेदकाने काय मान्य केले ते कळते आणि काय वाटले ते कळत नाही.

अद्भुतरसिक

मला नेमके तेच खटकले. आजी तान्ही होऊन समोर आहे, पाटील ‘बघणार?’ असे विचारत आहेत, आणि हा गृहस्थ पेन काढतो. मी असतो तर आत गेलो असतो. शंभर शब्द संपले म्हणून तो गेला नाही असे वाटते. ‘मी आकाशाकडे पाहिले’ या वाक्यात मात्र भय आहे, कारण पाणी परत येणार आहे हे त्याला ठाऊक आहे. तिथे कथा क्षणभर कारकुनाच्या हातून सुटली आणि माझ्या मते तोच तिचा सर्वांत चांगला क्षण आहे.

साळावली

कथा म्हणून आवडली, तरीही एक हरकत नोंदवते. धरणात गेलेल्या गावांतली माणसे मेलेली नाहीत. ती पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात, भांडतात, कागदपत्रांसाठी खेटे घालतात आणि मे महिन्यात आपल्या देवळाला जातात. बुडालेले गाव म्हटले की लेखकांना त्यात भुतेच दिसतात, आणि जिवंत विस्थापितांकडे पुन्हा एकदा पाठ फिरवली जाते. आपल्या कथेत गावच त्यांना ‘मयत’ ठरवते, ही उलटी रचना मला बरी वाटली, कारण गावाच्या बाजूने पाहिले तर ते खरेच आहे. पण खाली राहिलेला पाटील कोण, तो का गेला नाही, याचे उत्तर लेखकाच्या मनात तरी असले पाहिजे. ते कथेत यायला नको. पण नसेल तर पाटील केवळ नेपथ्य होतो.

आडवाट (धागाकर्ता)

साळावली यांची हरकत मोलाची आहे आणि गावाचे नाव न घेण्याचे कारणही तेच होते. खऱ्या गावावर ओल्या कपड्यांचा पाटील बसवणे मला प्रशस्त वाटले नाही. माझ्या मनातला पाटील भूसंपादनाच्या नोटिशीवर सही न करणारा एकटा माणूस आहे. म्हणूनच शेवटी सही त्याच्या वहीवर होते.

‘होते’ स्वीकारले. ‘पाच-सहा’ चे ‘चार’ केले. ‘शाईचे पेन’ ठेवणार आहे, कारण पाणी भरणाऱ्या गावात शाईने सही करण्याला अर्थ आहे असे मला वाटते. भिंगरी यांचा विरोध कायम राहिला तरी चालेल. निवेदकाने आत जावे, हा अद्भुतरसिकांचा आग्रह मात्र मला मान्य नाही. आत गेला की पुढे काय दिसले ते लिहावे लागेल, आणि तान्हेपणातली आजी जितकी न दिसेल तितकी ती आजी राहील.

वाटसरू

एक धोक्याची सूचना. आपण नियम सांगताना ‘पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी’ असे लिहिले आहे. सार्वजनिक धाग्यावर पूर्ण कथा टाकली की बहुतेक संपादक ती प्रसिद्ध झाली असेच धरतात. शिवाय प्रतीवर नाव नसले तरी इथले शैलीवरून ओळखणारे वाचक परीक्षकांत असू शकतात.

लाल शाई

वाटसरू यांचे म्हणणे अगदी खरे आहे. निनावी परीक्षणाचा विषय निघालाच आहे तर एक जुना प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ते नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नावाचा प्रभाव पडू नये म्हणून ज्यांना एवढी काळजी घ्यावी लागली, त्यांची अडचण आपल्यापैकी कोणाला नाही. पण धाग्यावर चर्चिलेली कथा पाठवली तर परीक्षक अवघडतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आडवाट (धागाकर्ता)

वर ‘सरावाची कथा’ असे लिहिले होते ते याच कारणाने. ‘नोंदवही’ स्पर्धेला जाणार नाही; ती इथेच राहील. स्पर्धेसाठी काठावरचा यांनी सुचवलेली विहीर घेतो आहे आणि तिच्याविषयी याहून अधिक काही सांगणार नाही. एवढेच सांगतो की तिच्यात गुलाबी पाणी नाही, लवणासुर नाही, आणि निवेदन सुनेचे आहे.

दुर्बीण यांचे दोन भाऊ मोकळेच आहेत. कोणी घेणार असेल तर इथे कळवावे, म्हणजे दोघांनी एकच कथा पाठवली असे व्हायचे नाही.

भिंगरी

भाऊ मी घेते. दोन भावांच्या जागी दोन जावा चालतील का, एवढे दुर्बीण यांनी सांगावे.

दुर्बीण

अवश्य. प्रकाशाला नात्याशी कर्तव्य नाही. फक्त दोघींना कड्यावर नेण्याचे कारण पटण्याजोगे शोधा, कारण पायथ्याच्या पाचनई गावाहून चढलात तरी ती वाट भांडत चढण्याइतकी सोपी नाही.

आडवाट (धागाकर्ता)

शब्दमोजणी, जाता जाता एक शंका. ‘सासू-सुनेची’ हा एक शब्द धरायचा की दोन? माझ्या कथेत तो तीनदा येतो.

शब्दमोजणी

जोडरेघ असली तरी मध्ये मोकळी जागा नाही, तेव्हा संगणक एकच धरेल. माणूस काय धरेल ते सांगता येत नाही. द्वंद्व समास जोडून ‘सासूसुनेची’ असा लिहिला तरी चालतो, तसा लिहा. आणि एकाच कथेत तीनदा कशाला हवा? एकदा ‘सासू-सुनेची विहीर’ म्हटल्यावर पुढे नुसती ‘विहीर’ पुरते. दोन शब्द मोकळे होतील.